दिवा निळा झाला की

सिंदी रेल्वे गावच्या बापूजी उमाट्यांनी यंदा पहिल्या वेच्याचा कापूस वावरातूनच थेट जिनिंगच्या कारखान्याला विकून टाकला, ही बातमी दुपारपर्यंत गल्लीभर झाली आणि संध्याकाळी माणसं तोंडं पाडून विचारपूस करायला आली. ज्याला कापसाच्या गावची रीत ठाऊक नाही, त्याला यात तोंड पाडण्यासारखं काय ते कळायचं नाही. सिंदीत ज्याचं खाऊनपिऊन बरं आहे तो गडी कापूस असा हातोहात विकत नाही. घरी आणतो, समोरच्या खोलीत पार छताला टेकेल अशी गंजी लावतो आणि भाव चढायची वाट पाहत मजेत बसतो. पहिल्या वेच्यालाच विकला म्हणजे घरातलं कोणी तरी दवाखान्यात आहे, नाही तर कोर्टात.

"कोनाचं ऑपरेशन हाय बापूजी?" रामाजीनं उंबऱ्यातूनच विचारलं. रामाजी म्हणजे शेजारचे. लहानपणापासूनचा दोस्त, आणि बोलायला कुणाच्या बापाला भ्यायचे नाहीत. "गोपाल बरा हाय नं पुन्यात? सांगून टाक, आमी काई परके नाई."

"ऑपरेशन नाई अन् फापरेशन नाई. हवेचं मशीन घेऊन राह्यलो. खोली खाली पायजे होती."

"काहाचं मशीन?"

"हवेचं. हवा साफ करते."

रामाजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे बाप्पा! हवा इकत घेऊन राह्यला हा मानूस! आमच्या वावरात फुकट पडली हाय, पोतं घेऊन येजो, दाबून भरून देतो."

सगळे हसले. बापूजीही हसले, पण हसता हसता त्यांना खोकला लागला आणि तो काही केल्या थांबेना. डोळ्यांत पाणी आलं, छातीतून बारीक शिट्टी वाजायला लागली. रामाजीनं माठातलं पाणी आणून दिलं.

"कापसाचा खकाना. नाकातोंडात धूळ जाते," पाणी पिऊन बापूजी म्हणाले.

"घरात कापूस कुठी हाय आता?" रामाजीनं विचारलं. बापूजींनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यात त्यांचा हातखंडा होता.

माणसं चहा घेऊन गेली आणि घर पुन्हा होतं तसं झालं. बापूजींना एकटं वाटायचं. हे असं सरळ सांगितलेलं बरं, कारण ते स्वतः कधीच कबूल करायचे नाहीत. बायको नलू जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा गोपाल पुण्यात मोठ्या कंपनीत. सून रूपाली पुलगावची, चांगली शिकलेली, आणि नात आर्वी. नाव सुनेनं ठेवलेलं. आमच्या जिल्ह्यात आर्वी नावाचं एक गाव आहे, तेव्हा बापूजी नातीला फोनवर छेडायचे, "आमच्या आर्वीले जायाले बस हाय बाई. तुयाकडं याचं म्हनजे इमान लागते." पोरगी खिदळायची. हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता की तिलाच तो पाठ झाला होता. बापूजी अर्धा म्हणायचे आणि उरलेला ती पुरा करायची.

पण ती घरी येत नव्हती. तिला यायची बंदी आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. फक्त येत नव्हती.

त्याला कारण झालं होतं. मागच्याच्या मागच्या वर्षी नाताळाच्या सुटीत सगळे आले होते. समोरच्या खोलीत कापसाची ही एवढी गंजी. आता कापसाच्या घरात लहान पोरानं गंजीत उडी मारायची नाही तर कोणी मारायची? बापूजींनी मारली होती, गोपालनं मारली होती. फळीवर चढायचं, डोळे मिटायचे आणि धप्पकन आत. दुनियेत याच्याइतकं मऊ काही नाही. रूपालीनं आल्या आल्या बजावलं होतं, की पोरीला दमा निघालाय, तिला धुळीत खेळू देऊ नका. बापूजींनी मान डोलावली होती. अंगण दोनदा शिंपून घेतलं, जुनी पोती बाहेर टाकली, पंख्याची पाती पुसली. धूळ म्हणजे काळी, मळकी. कापूस तर पांढराशुभ्र. कापूस म्हणजे धूळ, हे त्या माणसाच्या डोक्यात यायचं तरी कसं? जन्मभर ज्या मालाला लक्ष्मी म्हणून हात जोडले, त्याच्यात पोरीला उचलून त्यांनीच टाकलं. ती केसांत कापूस घेऊन वर आली. "आणखी, आबाजी, आणखी!" आणि आबाजींनी आणखी टाकलं.

चहाच्या वेळेपर्यंत पोरीची छाती आत ओढायला लागली. जवळचा दम्याचा पंप पुरेना. गाडी काढली, वर्ध्याला निघाले, आणि रेल्वेचं फाटक बंद. सिंदीच्या माणसाला फाटक बंद असण्याचं काही वाटत नाही, तो उतरतो, तंबाखू मळतो. त्या दिवशी कोळशाची मालगाडी जी सुरू झाली ती संपेचना. मागच्या सीटवर रूपाली पोरीला उभी धरून बसली होती आणि पोरीचे ओठ निळे पडत चालले होते. बापूजी पुढे गोपालच्या शेजारी होते. त्यांनी एकदाच मागे वळून पाहिलं, पुन्हा वळायची त्यांची छाती झाली नाही.

पोरगी वाचली. वर्ध्याच्या डॉक्टरनं तोंडाला वाफेचं नळकांडं लावलं आणि तासाभरात ती बिस्कीट मागायला लागली. दुसऱ्या दिवशी मंडळी पुण्याला गेली. रूपालीनं सासऱ्याला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं, निदान काही बोलणं तरी झालं असतं. त्यानंतर तिचे फोन यायचे ते असे: जेवलात का मामाजी, बरं आहे ना, ठेवते.

मग यंदा पोळ्याच्या सुमाराला आर्वी व्हिडिओवर दिसत होती आणि तिच्या मागे कोपऱ्यात कोठीसारखं पांढरं काही तरी उभं होतं. त्याच्यावर निळा दिवा.

"ते काय हाय वं तुया मागं?"

"ते माझं हवेचं मशीन आहे, आबाजी. लाल दिवा म्हणजे हवा खराब. निळा म्हणजे चांगली. आता मला रात्री खोकला येत नाही."

बापूजी थोडा वेळ त्या दिव्याकडेच बघत राहिले. मग हळूच विचारलं, जसा काही बाजारात सहज भाव विचारावा, "असं मशीन मी आनलं तं तू येशीन काय सिंदीले?"

"होऽऽ! तुमचा दिवा निळा झाला की मी येणार. पक्कं. प्रॉमिस."

आता आठ वर्षांच्या पोरीचं प्रॉमिस ते. पण बापूजींनी ते गाठीला बांधलं.

सुनेला फोन करायचा म्हणजे मात्र त्यांना धीर होईना. आर्वीसाठी घेतो म्हणावं, आणि तिनं तिथंच नाही म्हटलं तर? त्यापेक्षा नुसतं मशीनबद्दल विचारावं. दुसऱ्या दिवशी, गोपाल कामावर गेला असेल अशा बेतानं त्यांनी नंबर लावला.

"रूपाली, बेटा, ते हवेचं मशीन घ्याचं म्हनतो मी इथं. कोनतं घ्यावं?"

ती म्हणाली, "घ्याच, मामाजी. मी स्वतःच सांगणार होते. म्हटलं, तुम्हाला राग येईल."

राग! बापूजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ती स्वतःच सांगणार होती! म्हणजे तिच्याही मनात होतंच की यायचं. उगाच आपण घाबरलो.

"राग कायचा? तू सांग, मी घेतो."

आणि रूपाली सांगायला लागली. पहिली गोष्ट, फिल्टर अस्सल हेपाचा, म्हणजे बारीकातली बारीक धूळ अडवणारा पाहिजे. डब्यावर हेपासारखा, हेपाच्या तोडीचा असलं काही लिहिलेलं असेल तर हात लावू नका. दुसरं, ओझोन सोडणारं मशीन चुकूनही घ्यायचं नाही, दम्याच्या माणसाला त्यानं उलट त्रास होतो. सुगंध सोडणारंही नको. आणि खोली केवढी आहे त्यावर मशीनची ताकद ठरते.

"झोपायची खोली केवढी आहे?"

"झोपाची काऊन? समोरची मोठी हाय नं, कापसाची."

"नाही मामाजी. झोपतो तिथं ठेवायचं असतं. रात्रभर तीच हवा आत जाते."

बरोबर, बापूजी मनात म्हणाले. मायलेकी निजतील कुठे? आतल्या, नलूच्या खोलीत. आपण बाहेर समोरच्या खोलीत खाट टाकू. त्यांनी नलूची खोली पावलांनी मोजून सांगितली. रूपालीनं हिशेब करून डब्यावरचा कोणता आकडा बघायचा ते सांगितलं, आणि म्हणाली, बाजारात जाऊन या, मग मला फोन करा.

मग मला फोन करा! या एका वाक्यावर बापूजी तीन कप चहा प्याले.

तिथून जे सुरू झालं, त्याला मशीन घेणं म्हणायचं की काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा. वर्ध्याच्या बाजारात रुपेशभाऊंचं कूलर-फ्रिजचं दुकान आहे. बापूजी पॅसेंजरनं जायचे, मशीन बघायचे, घरी येऊन रूपालीला फोन लावायचे. एकाला मोगऱ्याच्या वासाची डबी होती. रूपाली म्हणाली, नको. एकाचा आवाज मोठा होता. ती म्हणाली, सर्वांत हळू ठेवल्यावर किती येतो ते ऐकून या. परत पॅसेंजर. मग एकाचा फिल्टर नागपुरात तरी मिळतो का, याची चौकशी. मग खिडकीला कूलर आहे त्याचं काय करायचं.

"कूलर बाहेरची हवा आत ओढतो, मामाजी. तो लावून मशीन लावलं तर भोकाच्या बादलीत पाणी भरल्यासारखं. हिवाळ्यात प्रश्न नाही, उन्हाळ्यात बघू."

उन्हाळ्यात बघू! म्हणजे उन्हाळ्यातही येणार. बापूजी हरखले.

आणि फोन लांबायला लागले. मशीनवरून गोष्ट आर्वीच्या शाळेवर जायची, तिथून रूपालीच्या पुलगावच्या आईच्या गुडघ्यांवर, तिथून वांग्याच्या भाजीवर. नलू भरीत कसं करायची ते रूपालीनं विचारलं आणि बापूजींनी, ज्यांनी जन्मात चूल पेटवली नव्हती, ठोकून दिलं. ती हसली. सून आपल्याशी बोलताना हसते, हे ते विसरून गेले होते. खरं सांगायचं तर एक मशीन सगळ्या कसोट्यांना उतरलं होतं; बापूजींनी ते केव्हाच हेरून ठेवलं होतं. पण घेतलं की विचारायचं काय? म्हणून ते त्याच्यात खोड काढत बसले. रंग पांढरा आहे, मळेल. चाकं नाहीत. दिवा बारीक आहे.

"मामाजी," ती एकदा मध्येच म्हणाली, "तुम्ही जिना चढून आलात का आत्ता?"

"नाई वं. बसलो हाव. काऊन?"

"काही नाही." मग म्हणाली, "आता घेऊन टाका बरं. दिवाळी झाली, थंडी पडायला लागली. हिवाळ्यात जास्त त्रास होतो."

हिवाळा म्हणजे नाताळाची सुटी. बापूजींना आणखी काय पाहिजे? त्याच हप्त्यात त्यांनी कापूस विकला, समोरची खोली झाडून, धुऊन, चुना मारून घेतली. आतल्या खोलीतल्या नलूच्या जुन्या गाद्या आणि वाकळा काढताना मात्र त्यांचा हात अडखळला. त्यांतला कापूस स्वतःच्या वावरातला, टाके नलूच्या हातचे. पण रूपालीनं सांगितलं होतं, जुन्या गाद्यांत सर्वांत जास्त धूळ असते. त्यांनी त्या रामाजीच्या घरी पोचवल्या. देवघरात उदबत्तीही बंद केली, नुसती फुलं.

दुकानात रुपेशभाऊंनी शेवटचं म्हणून मशीन चालवून दाखवलं. उदबत्ती पेटवून समोर धरली. दिवा लाल झाला, मशीन घुमायला लागलं, आणि बापूजींना जो खोकला आला तो असा की त्यांना काउंटर धरून उभं राहावं लागलं. रुपेशभाऊंनी घाईनं उदबत्ती विझवली, स्टूल दिलं.

"काकाजी, तुमालेच लागते हे मशीन."

"मले काय धाड भरली? नातीसाठी हाय. सून सांगते तसं घेऊन राह्यलो मी. आमच्या सुनेले यातलं सगळं समजते."

हे "आमच्या सुनेले" त्यांनी असं म्हटलं की दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. येताना पॅसेंजरमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसले. जो तो विचारायचा, काय हाय काका, टीव्ही? प्रत्येकाला ते सांगायचे, नाई बाप्पा, नात येऊन राह्यली.

मशीन नलूच्या खोलीत लागलं. दारं-खिडक्या बंद केल्या. आधी लाल, मग पिवळा, मग बापूजी खाटेवर बसल्या बसल्या डुलकी घेऊन उठले तेव्हा निळा. काय तो निळा! त्यांनी लगेच फोन लावला.

"लागला बेटा! निळा लागला!"

"अरे वा! खूप छान केलंत, मामाजी. आता दार लावूनच झोपायचं. आणि महिन्यातून एकदा बाहेरची जाळी पुसायची."

"ते मी करीन. तू आता असं कर, गोपालले सांग, नाताळाच्या सुटीचे तिकीट काढून टाक. मांगून गर्दी होते."

रूपाली गोंधळली.

"कुठली तिकिटं?"

"याचे! तुमी येनार नं? समोरची खोली बी खाली केली मी. कापसाचं एक बोंड नाई घरात. तुमी मायलेकी आत निजजा, मी भाईर."

"मामाजी," रूपाली अगदी हळू म्हणाली, "हे मशीन तुम्ही आर्वीसाठी घेतलं?"

"मंग कोनासाठी?"

"मला वाटलं, तुमच्यासाठी."

बापूजींना हसू आलं. "मले कायले?"

"तुमचा श्वास वाजतो. मागच्या वर्षीपासून वाजतोय. फोनवर ऐकू येतं मला. दोन वाक्यं बोलून तुम्ही थांबता. मी यांना किती वेळा म्हटलं, मामाजींना डॉक्टरकडे न्या म्हणून." आणि मग पुण्यातली ती शुद्ध बोलणारी रूपाली पुलगावची होऊन गेली. "इतके वर्सं पोरीचा श्वास आयकत झोपून राह्यली मी, मामाजी. कोनाची छाती वाजली तं मले कळत नाई काय? तुमी मशीन इचारलं तं मले वाटलं, चला, कबूल केलं यायनं. म्हून तं मी एवढी मांग लागली."

आपल्याला कोणी इतकं कान लावून ऐकत असेल असं बापूजींना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असता, पण त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं.

"मंग येनार नाई तुमी?"

रूपाली रडत होती. तिनं ते लपवलं नाही.

"मशीन चांगलं हाय, मामाजी. त्यात काईच खोट नाई. पन ते फाटक... मले अजून ते फाटक दिसते. डबे मोजत होती मी, अन् ते सरतच नोते. तुमच्यावर राग नाई माया, खरंच नाई. पन मी तिले घेऊन त्या गावात नाई येऊ शकत. मले भेव वाटते. तुमीच या नं इकडं."

पुण्याला ते एकदा गेले होते. बाराव्या माळ्यावर गॅलरीत बसून खाली बघायचं, आणि सगळे कामाला गेले की संध्याकाळची वाट बघायची. एकटं बसायचंच आहे तर आपल्या घरी बसावं.

"पाहू," बापूजी म्हणाले. आमच्याकडे पाहू म्हणजे काय ते सुनेलाही कळतं. "तू रडू नोको. मले काई राग नाई. मशीन हाय नं, वापरतो मी."

मग तेच झोपायला लागले त्या खोलीत. रूपालीनं फोनवरून पिच्छा पुरवून त्यांना डॉक्टरकडे धाडलं, त्यांना पंप मिळाला. थोड्याच दिवसांत छातीतली शिट्टी गेली. रामाजी येऊन बसले की म्हणायचे, "चेहरा खुलला रे तुया," पण दार बंद, खिडकी बंद, त्यांना त्या खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं आणि ते लवकर उठायचे. कापूस नाही, खोकला नाही, शिट्टी नाही. घरात मशीनच्या घुमण्याशिवाय काही आवाज उरला नव्हता, आणि हवा चांगली असली की तेही गप्प व्हायचं.

नाताळ तोंडावर आला तेव्हा एका रविवारी सकाळी फोन वाजला. आईचा नंबर, पण आवाज आर्वीचा.

"आबाजी! सुटी लागली! तुमचा दिवा कोणता आहे?"

बापूजी खाटेवर बसले होते. समोर नलूच्या फोटोखाली मशीन होतं. दिवा निळा होता. गेले कित्येक दिवस तो निळ्यावरून हललाच नव्हता.

"काऊन वं?"

"तुम्हीच म्हणालात ना, मशीन आणलं. मी आईला म्हटलं, निळा झाला असेल तर आपण जायचं, मी प्रॉमिस केलंय. तर आई काही बोलतच नाही. म्हणून तुम्हाला विचारते. निळा असेल तर तिला हो म्हणावंच लागेल. हो ना?"

पलीकडे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. तो एकदम थांबला. रूपाली नळ बंद करून ऐकत उभी असणार. नाही म्हणायला तिची जीभ रेटत नाही, आणि हो म्हणायला छाती होत नाही. बापूजींना ती तिथं उभी अगदी दिसली, आणि गाडीत मागच्या सीटवर बसलेली ती, तीही दिसली.

"सांगा ना आबाजी. निळा आहे ना?"

"नाई बेटा," बापूजी म्हणाले. "लाल हाय."

"अजून?"

"जुनं घर हाय नं आपलं. लय वर्साचा कापूस होता. साफ व्हाले टाईम लागते."

"व्हिडिओवर दाखवा."

"रेंज नाई वं इथी आज."

आर्वी हिरमुसली. पण शहाणी पोरगी, ताबडतोब सावरली. "बरं. पण निळा झाला की लगेच सांगायचं हं, आबाजी. विसरायचं नाही."

पलीकडे नळ पुन्हा सुरू झाला. बापूजींनी डोळे पुसले आणि त्या निळ्या दिव्याकडे पाठ करून बसले.

"हाव," ते म्हणाले. "सगळ्यात पहिले तुलेच सांगीन."